मातामायची खोळ

त्या दगडाचा विषय निघाला की माझे डोके आजही तापते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पोटच्या पोराने बापाला विहिरीत ढकललेले पाहिले. त्या सगळ्यांचा राग काळाबरोबर निवला. या एका प्रकरणाचा निवला नाही, आणि त्यातला निम्मा राग माझा माझ्यावरच आहे. नावे कोणाचीच घेणार नाही. त्यातली बरीच माणसे आता हयात नाहीत आणि त्यांची नातवंडे आपापल्या संसाराला लागली आहेत.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी फौजदार होतो आणि माझे ठाणे नागपूरहून काटोलकडे जाणाऱ्या रस्त्यावर होते. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, मागे लॉकअप आणि मनात येईल तेव्हा चालणारा एक टेलिफोन. काम ठरलेले. संत्र्याच्या हंगामात ट्रकचे अपघात, पेरणीच्या तोंडावर धुऱ्याची भांडणे आणि बारमाही मोहाची दारू. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. हातभर धुऱ्यासाठी आमच्याकडे सख्खे भाऊ एकमेकांवर कुऱ्हाड उचलतात.

त्या भागात शेताशेतांतून मोठमोठे काळे दगड गोल मांडलेले दिसतात. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी आपली मेलेली माणसे पुरून त्यांच्याभोवती ते रचले, असे जाणकार सांगतात. गावकऱ्याला त्याचे काही नाही. तो नांगर दगडांना वळसा घालून नेतो आणि बापही असाच नेत होता एवढेच सांगतो. अशाच एका वर्तुळाच्या काठाला, कडुनिंबाखाली, एका गावाची मातामाय होती. विदर्भात गावोगावी मातामाय असते. तिला देऊळ नाही, कळस नाही. झाडाखाली मांडीइतक्या उंचीचा शेंदूर फासलेला दगड आणि त्याला चांदीचे दोन डोळे. त्या गावात मूल जन्मले की ते तिच्यासमोर आणून निजवायचे आणि तिच्या अंगावरचा शेंदूर त्याच्या कपाळाला लावायचा. त्याशिवाय पोराचे नाव ठेवत नसत.

शेंदूर लावायचे काम एकाच घराकडे होते. त्या वेळी ते एका विधवा बाईकडे होते. वय पन्नाशीच्या पुढचे, बोलणे तुटक, चालणे पुरुषासारखे झपझप. जवसाच्या तेलात शेंदूर कालवून ती दर मंगळवारी देवीवर हात फिरवायची. तिच्या सासूने तेच केले होते आणि सासूच्या सासूनेही. जवसाचे तेल वाळले की कडक होते. थरावर थर चढून देवीला नाक राहिले नव्हते, तोंड राहिले नव्हते. चांदीचे डोळे तेवढे लोक पुन्हा वर काढून बसवायचे.

एका सकाळी गावचा पोलीस पाटील सायकल दामटत ठाण्यात आला.

"मातामाय गेली, साहेब."

"कुठे गेली?"

"चोरीले गेली. खड्डा हाये फक्त."

मी हसलो. ठाण्यातले लिहिण्याचे काम करणारा आमचा रायटर, तोही हसला. प्रथम खबर लिहून घेतली. मालाच्या वर्णनात 'शेंदूर लावलेला दगड, नग एक' असे लिहिले आणि पाटलाला सांगितले की दुसरा दगड रोवा आणि मोकळे व्हा. आमचे हवालदार त्याच भागातले, मिशा पिकलेले. ते हसले नाहीत.

पाटील गेल्यावर ते म्हणाले, "साहेब, त्या गावात आता लेकरायचे नावं ठेवनं बंद होते, पाहा तुमी."

जागेचा पंचनामा केला. खड्डा सावकाशीने, नीट खणलेला होता. कडेला पहारीच्या खुणा आणि तिथपासून रस्त्यापर्यंत मोटारीच्या चाकांची वाट. गावात कोणाकडे मोटार नव्हती. ती चाके पाहूनच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण संत्र्याच्या बागा पाहायला व्यापारी जीप घेऊन येतात, तसे कोणी आले असेल, असे मी स्वतःला समजावले. दगडासाठी कोण मोटार घेऊन येईल?

चौथ्या दिवशी गावाचा अर्ज आला. खाली नऊ जणांच्या सह्या आणि अंगठे, पहिली सही पोलीस पाटलाची. शेंदूर लावणाऱ्या बाईनेच देवी विकली, असा मजकूर. पुरावा काय, तर चोरी झाली तेव्हा ती काटोलला बहिणीकडे गेली होती, आणि त्याच्या महिनाभर आधी एका शहरी साहेबाला तिने देवी दाखवली होती, त्याला घरून आणून पाणी पाजले होते.

तीन दिवस मी तिला ठाण्यात बोलावले. तिन्ही दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत व्हरांड्यात बसवून ठेवले. अंगाला बोट लावले नाही, असे मी तेव्हा ऐटीत सांगत असे. आमच्या ठाण्यासमोर एस. टी. थांबायची. तीन दिवसांत काटोल रस्त्यावरच्या सगळ्या गावांनी तिला तिथे बसलेले पाहिले. माझ्या आईच्या वयाची बाई, आणि मी तिला अगं-तुगं करत होतो.

"बहिणीकडे कशाला गेली होतीस?"

"तिच्या डोयाचं आप्रेशन होतं. मी नाही त कोन करनार तिचं?"

"आणि तो साहेब कोण?"

"मले का माहीत. पांढऱ्या मोटारीतून आला. मातामायच्या पाया नाही पडला. टरबूज वाजवून पाहतात ना, तसं पाठीवर टकटक करून पाह्यलं. मंग नखानं खरवडून राहिला होता, त म्या हातच धरला त्याचा. म्हटलं, काहून खरवडता? त हासला. म्हने, बाई, तुमी हिले आतमंधी कोंडून ठेवलं हाये."

"हे गावात कोणाला सांगितलंस?"

"पाटलाले सांगतलं. कोन ऐकते?"

मीही ऐकले नाही. बाई गोष्टी रचते आहे, असे मला वाटले. केस डायरीत मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिले, 'संशयित बाई उडवाउडवीची उत्तरे देते.' तिने मला चोराची मोटार सांगितली होती, त्याची चाल सांगितली होती, त्याचे बोलणे शब्दन् शब्द सांगितले होते. हातात आयता दिलेला धागा मी एका ओळीत फेकून दिला.

पुरावा मिळेना, म्हणून तिला सोडले. माझ्या दृष्टीने ती सुटली. गावाच्या दृष्टीने सुटली नाही. ती विहिरीवर आली की बायका घागरी उचलून बाजूला होत. गावाने नवा दगड रोवला नाही, कारण मूळ देवी कुठेतरी आहे असे सगळे धरून होते. जन्मलेल्या मुलांना तसेच बाळ्या, बाळी म्हणून हाका मारणे चालू राहिले. त्याच वर्षी या बाईला नातू झाला. तिच्या घरी जुना शेंदूर डबीत शिल्लक होता. तो तिने त्याच्या कपाळाला लावायला घेतला, तर सुनेच्या माहेरच्यांनी मूल उचलून आत नेले. हवालदारांनी हे मला सांगितले तेव्हा मी काय बोललो ते आठवत नाही.

सात-आठ महिने गेले. गुन्हा खरा, पण आरोपी सापडत नाही, असा अहवाल मी लिहायला घेतला होता. तेवढ्यात कोर्टाच्या कामाने नागपूरला गेलेले हवालदार परत आले आणि टोपी काढून माझ्यासमोर बसले. एरवी ते बसत नसत.

"साहेब, खदानीजवळ पाथरवटायची वस्ती हाये. माझी सायी, बायकोची लहान बहीन, राहते तिथं. तिच्या शेजारी मातामाय बसली म्हने. बाया ओट्या भरून राहिल्या. म्या जाऊन पाया पडलो."

"मग?"

"ते मातामाय पोकय हाये, साहेब."

"पोकळ म्हणजे?"

"समोरून पाहा त देवी. डोये चांदीचे. मांगून पाहा त काहीच नाही. नुसती खोळ."

मला काही समजेना. तेव्हा त्यांनी मला रीत सांगितली. शेंदराचे थर फार झाले की कधी कधी पन्नास-साठ वर्षांनी ते आपोआप सुटतात आणि मोठे कवच गळून पडते. त्याला खोळ म्हणतात. देवीने आपल्या मनाने वस्त्र टाकले, असे समजून गाव डफडे वाजवत ती खोळ वाहत्या पाण्यात सोडते. या गावच्या मातामायची खोळ मात्र कोणाच्याच आठवणीत सुटली नव्हती. आणि ही रीत आपोआप सुटलेल्या खोळीची. ओढून काढलेल्या खोळीचे काय करायचे, हे कोणालाच माहीत नव्हते, कारण तसे कोणी कधी केले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी साध्या कपड्यांत त्या वस्तीत गेलो. पाथरवटाच्या खोलीत कोनाड्याखाली लाल कापडावर ती उभी होती. समोर दिवा, हळदकुंकू, दोन संत्री. पाथरवटाने माझ्याकडे पाहिले आणि मी कोण ते त्याला लगेच उमगले. हातातली टाकी खाली ठेवून तो उभा राहिला.

त्याला ठाण्यात आणले, चहा दिला. चौकशी करावीच लागली नाही. आठ महिने हा माणूस कोणीतरी येऊन विचारील म्हणून वाट पाहत होता.

"मी पाटे-वरोटे घडवतो, साहेब. त्या साहेबाच्या बंगल्यावर फरशीचं काम केलं होतं. त्याईनं बलावलं, म्हने एक मूर्ती साफ करून दे. पाह्यलं त मातामाय. म्या म्हटलं, हे कोन्या गावची हाये? त म्हने, तुले का करायचं हाये."

"मग तू हात का लावलास?"

"चुकलंच." त्याने कप खाली ठेवला. "तीन दिवस कोमट तेलात भिजवलेले कापसाचे बोये ठेवले. मंग लाकडाच्या पट्टीनं हालवलं त सबन पुढची बाजू एकदम हातात आली. आत बाई होती, साहेब. मांडीवर लेकरू. हासून राहिली होती."

"आणि खोळ?"

"साहेब म्हने, टाक उकिरड्यावर. कशी टाकता? किती लोकायचे हात हायेत त्याच्यात. आपल्या मनानं पडली असती त पान्यात सोडली असती. हे त ओढून काढली. पान्यात सोडाले मन नाही झालं. मंग घरीच दिवा लावला."

चोर हुशार होता. मूर्ती काढली, चाकांची वाट कोणी तपासणार नाही हे ओळखले, आणि ज्या कवचाला तो कचरा समजला ते एका पाथरवटाच्या हाती सोपवून विसरून गेला. त्या कवचासमोर कोणी दिवा लावील, हे त्याच्या डोक्यात येणेच शक्य नव्हते.

झडतीचे वॉरंट घेऊन आम्ही प्रताप नगरकडच्या त्या बंगल्यावर गेलो. मालक शहरातले बडे गृहस्थ. शाळाशाळांतून आपल्या प्राचीन वारशावर व्याख्याने देत. त्यांच्या दिवाणखान्यात मूर्ती एका चौथऱ्यावर होती आणि वरून तिच्यावर दिव्याचा झोत सोडला होता.

कलेतले मला काही कळत नाही. पण खरे सांगतो, मी दारातच थांबलो. तांबूस दगडातली बसलेली बाई. केसांचा अंबाडा एका बाजूला झुकलेला, कानात मोठी कुंडले, मांडीवरच्या मुलाचा एक पाय तिने सहज मुठीत धरलेला. माझी आई माझ्या धाकट्या भावाचा पाय तसाच धरायची. पंधराशे वर्षांपूर्वी कोणीतरी एका आईला तसे बसलेले पाहिले होते आणि त्याला ते सोडवत नव्हते, एवढे मला कळले. ज्या वस्तूसाठी माणूस चोरी करतो ती काय चीज असते, हेही तेव्हाच कळले.

"बसा ना, फौजदारसाहेब," गृहस्थ म्हणाले. त्यांनी एक कागद पुढे केला. पुरावस्तू बाळगणाऱ्यांनी त्यांची नोंदणी करावी, असा कायदा नुकताच आला होता. त्यांनी ती केली होती, फोटोसकट. मिळाल्याचा मार्ग, वडिलोपार्जित.

"वडिलोपार्जित म्हणजे कोणाचे वडील?" मी विचारले.

त्यांनी ते मनावर घेतले नाही. "तुम्ही सुशिक्षित आहात म्हणून सांगतो. तिथे ती उन्हापावसात पडून होती. अडाणी लोक तिच्यावर तेल ओतत होते, शेंदूर थापत होते. चेहरा कोणी पाहिला नव्हता तिचा. मी तिला मोकळं केलं. उद्या जगभरातले अभ्यासक ती पाहायला येतील. त्या गावाला तिची किंमत तरी होती का?"

"त्या गावात आठ महिने एकाही पोराचं नाव ठेवलेलं नाही," मी म्हणालो. "आणि तुम्हाला पाणी पाजलं त्या बाईला गाव चोट्टी म्हणतं."

"कोणती बाई?" ते म्हणाले. ते खोटे बोलत नव्हते. त्यांना ती खरोखरच आठवत नव्हती. मला आयुष्यात इतका संताप कधी आला नाही.

मूर्ती जप्त केली. ठाण्यात पोचण्याआधी टेलिफोन पोचला होता. नेमका त्या दिवशी तो चालू होता. एका दगडासाठी शहरातल्या प्रतिष्ठित माणसाच्या घरात शिपाई घुसवता का, असे वरिष्ठांनी विचारले. मी म्हटले, दगडासाठीच चोरी झाली आहे, साहेब. त्यांनी फोन ठेवला. पुढे माझी बढती दोन वर्षे लांबली. त्याचे कारण कोणी सांगितले नाही, मीही विचारले नाही.

आता ओळख पटवायची होती. पंचांसमोर ठाण्याच्या आवारात मूर्ती ठेवली आणि गावातल्या लोकांना बोलावले. त्या गृहस्थांचे वकील खुर्ची टाकून बसले होते. पोलीस पाटलाने मूर्तीला एक फेरी मारली.

"हे आमची नाही, साहेब. आमची मातामाय अशी नाही दिसत."

दुसरा तेच म्हणाला, तिसराही तेच. वकिलांनी हसून पंचांना सांगितले, लिहून घ्या. ज्यांची देवी तेच नाही म्हणत होते, आणि त्यांचे चूक नव्हते. त्यांच्यातल्या एकानेही तो चेहरा कधी पाहिला नव्हता. उजेडात आणलेली देवी त्यांना परकी झाली होती. हीच त्या चोरीची खरी चलाखी होती. चेहरा मोकळा केला की मालकच तो ओळखणार नाहीत.

बाई सगळ्यांच्या मागे उभी होती. तिला पुढे बोलावले. तिने मूर्तीकडे बराच वेळ पाहिले.

"तुमची हीच का?" मी विचारले. त्या दिवशी तोंडातून आपोआप अहो-जाहो आले.

"ठाव नाही," ती म्हणाली. "म्या तिचं तोंड कधी पाह्यलं नाही. म्या पाह्यलं नाही त हो कशी म्हनू?"

एक 'हो' म्हटले असते तर तिच्यावरचा डाग तिथेच धुऊन निघाला असता. हे तिला कळत होते. मला तिच्याकडे पाहवेना.

मग खोळ आणवली. लाल कापड सोडताच गावातली माणसे चटकन वाकली. चांदीचे डोळे त्यांच्या ओळखीचे होते. एका डोळ्याला टवका होता, तो कधी आणि कोणाच्या हातून पडला हेसुद्धा दोघा-तिघांनी सांगितले. खोळ गावाची, हे पंचनाम्यात आले. आता खोळ आणि मूर्ती एकमेकांची, हे ठरायचे होते. हवालदार खोळ उचलायला पुढे झाले, तर बाईने त्यांना थांबवले. पाणी मागून तिने हात धुतले, पदराला पुसले. तिने एका बाजूने आणि पाथरवटाने दुसऱ्या बाजूने खोळ उचलली आणि मूर्तीच्या तोंडाशी नेली. जरा डावीकडे, जरा वर, आणि डब्याचे झाकण बसावे तशी ती बसली. केसाइतकी फट राहिली नाही.

दोन्ही पंचांनी वाकून पाहिले. पुन्हा काढून आतली बाजू त्यांना दाखवली. तिच्यात नाकाचा खळगा होता, कुंडलांचे वर्तुळ होते, मुलाची टाळू होती. कित्येक पिढ्यांनी थापलेल्या शेंदराने तो चेहरा आतून जसाच्या तसा धरून ठेवला होता. वकील उठून फोन करायला गेले. पोलीस पाटील जमिनीवरच बसला.

खटल्याचे सांगून वेळ घालवत नाही. पाथरवटाने साक्ष फिरवली नाही. त्या गृहस्थांना कोर्ट उठेपर्यंतची कैद आणि दंड झाला. म्हणजे संध्याकाळी पाचपर्यंत ते कोर्टात पंख्याखाली बसले. त्यांच्या सांगण्यावरून पहार चालवणाऱ्या ड्रायव्हरला सहा महिने सक्तमजुरी झाली. मूर्ती सरकारी ताब्यात गेली. ती गावाला परत द्यावी म्हणून मी तीनदा लिहिले. उत्तर आले की गावात सुरक्षिततेची सोय नाही. पंधराशे वर्षे ती जिथे धक्का न लागता राहिली, तिथे सोय नाही. खोळ मात्र पुरातत्त्वाच्या दृष्टीने निरुपयोगी ठरली, म्हणून ती सुपूर्दनाम्यावर गावाला परत मिळाली.

ती घेऊन मी आणि हवालदार गावात गेलो. कडुनिंबाखाली लोकांनी नवा दगड रोवून ठेवला होता. त्यावर खोळ बसवली. तेल आले, शेंदूर आला, बाया लेकरे घेऊन आल्या. पाटलाने त्या बाईला हाक मारली. "चाल वं माय, लाव आता."

ती जागची हलली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "साहेब, तो अर्ज कुठं हाये?"

"फायलीत आहे."

"त्याच्यात मी चोट्टी हावो. त्याच्यातून माझं नाव काहाडा."

ते काढता येत नव्हते. ती आरोपी असती, तिच्यावर खटला चालला असता, तर कोर्टाने तिला निर्दोष म्हणून सोडले असते आणि त्याचा कागद मिळाला असता. ती नुसती संशयित होती. संशयिताला निर्दोष ठरवण्याचा कोणताही नमुना आमच्या कपाटात नव्हता आणि आजही नसावा. मी तिला तसे सांगितले.

"मंग गावानं लिहिलं, गावानंच खोडावं," ती म्हणाली. "नऊ जनायनं लिहिलं ना? तेच नऊ पायजेत."

कोणीतरी म्हणाले, जाऊ दे ना माय, झालं ते झालं, मुहूर्त चालला. तिने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ती खाली बसली आणि हात मांडीवर ठेवून बसूनच राहिली. शेवटी हवालदारांनी कोरा कागद काढला आणि झाडाखालीच लिहायला घेतले. या बाईवर आम्ही खोटा आळ घेतला, एवढेच. पाटलाने सर्वांत शेवटी सही केली. नवापैकी एक जण मधल्या काळात वारला होता. त्याच्या बायकोने पुढे येऊन अंगठा दिला.

बाईने सह्या आणि अंगठे मोजून घेतले. मग कागद माझ्यापुढे धरला.

"अन् तुमी?"

"मी त्या अर्जावर नव्हतो, बाई."

"एष्टीसमोर तीन दिवस बसवलं ते तुमीच ना?"

गाव ऐकत होते. हवालदार खाली पाहत होते. मी पेन काढले आणि नवव्या नावाच्या खाली लिहिले, 'या बाईने मला पहिल्याच दिवशी खरे सांगितले होते. मी ऐकले नाही.' खाली सही केली, हुद्दा घातला. तिला वाचता येत नव्हते. तिने हवालदारांकडून ते दोनदा वाचून घेतले, कागदाची घडी करून कमरेला खोचली आणि तेलाची वाटी मागितली.

या प्रकरणाने मला शहाणे केले, असे म्हणायला जीभ रेटत नाही. त्यानंतर कोणाच्या नावापुढे 'संशयित' लिहिताना माझा हात थांबत असे, एवढे खरे. आणि गरीब माणूस काही सांगू लागला की मी आधी ते लिहून घेत असे, विश्वास ठेवायचा की नाही ते नंतर पाहत असे. त्यातून पुढे दोन-तीन गुन्हे उघडकीलाही आले. पण त्या गृहस्थांसमोर मी खुर्चीत बसून प्रश्न विचारले आणि त्या बाईला फरशीवर बसवून विचारले, हे काही पुसले जात नाही.

ते गृहस्थ काही वर्षांनी वारले. वर्तमानपत्रात मोठा फोटो आला. प्राचीन वारशाचा निष्ठावंत रक्षक गेला, असा मथळा होता. खटल्याचा एका शब्दाने उल्लेख नव्हता. मी संपादकांना पत्र लिहिले, ते छापले गेले नाही. बाई त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात गेली. हवालदार तोवर निवृत्त झाले होते, त्यांनी पोस्टकार्डाने कळवले. तिच्या घरच्यांनी तो कागद तिच्याबरोबर चितेवर ठेवला, असे त्यांनी लिहिले होते. म्हणजे तिने चोरी केली नाही, हे सांगणारा एकही कागद आता कुठे शिल्लक नाही. माझ्या अक्षरातली ती डायरी मात्र कुठल्यातरी दप्तरात असेल.

तिने चोरी केली नव्हती.